‘प्रचिती आली’ म्हणजे पुरावा मिळाला का?

अनुवादू: चमत्कारांच्या दाव्यांवरचा मजकूर मराठीत आणतोय. तीन गोष्टींना तीन शब्द हवेत: माणसाला जे दिसलं-वाटलं ते, त्यातून त्याची पटलेली खात्री, आणि तिऱ्हाइतालाही तपासता येईल असं काही. पहिल्याला ‘अनुभव’, तिसऱ्याला ‘पुरावा’. मधल्याला मी ‘प्रचिती’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘पडताळा’ केलं.

वेलांटी: क्रियापद बघा. प्रचिती येते, पडताळा घ्यावा लागतो. आलेली प्रचिती ज्याची त्याला. पडताळा कुणीही घ्यावा. संपादक चुकले.

जुनी पोथी: इतकं सरळ नाही हो. ‘बोलल्याचा पडताळा आला’ हा जुनाच प्रयोग. आणि ‘प्रचिती घेऊन पाहा’ सर्रास म्हणतात.

लिटमस: बुवाने लिंबू कापलं की ‘रक्त’ निघतं, ते घ्या. पाहणाऱ्याला प्रचिती आलीच! पडताळा म्हणजे लिंबू तेच ठेवायचं, सुरी आपली वापरायची. लाल आलं नाही, तर करामत सुरीची. पात्यावर मिथिल ऑरेंज या आम्लात रंग बदलणाऱ्या रसायनाचं द्रावण लावून वाळवलेलं असतं, सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.१ च्या खाली गेला की ते लाल होतं, आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान. पुष्कळजण हळदीचं नाव घेतात, पण हळद लाल होते चुन्यासारख्या अल्कलीत. लिंबावर ती पिवळीच राहणार.

वेलांटी: म्हणजे माझंच म्हणणं.

जुनी पोथी: नाही. सुरी बदलून पाहिलीत ती ‘परीक्षा’. शब्द असताना दुसऱ्याला का राबवायचं?

कानामात्रा: मुळात लोक ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतात, त्याला नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचा, ‘शब्द’ हा प्रमाणप्रकार (ज्ञान मिळवण्याचा मार्ग) आहे: आप्ताचा उपदेश. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन, त्याच्या मते आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली आणि जी जशी कळली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सर्वांना लक्षण एकच. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक! कुटुंबाच्या ग्रुपवरचे चमत्कार न तपासता पुढे का जातात, ते यातच आलं.

लिटमस: व्युत्पत्तीने समाजशास्त्र सिद्ध होत नाही. सांगणाऱ्याने ‘स्वतः जाणलं’ का, एवढं विचारलं तरी निम्मे दावे ‘अमक्याने पाहिलं म्हणे’वर येतात.

जुनी पोथी: ‘म्हणे’! पुराव्याचा दर्जा सांगणारा अव्ययासारखा शब्द. अनुवादात तो वापरा, ‘कथित’ कशाला?

अनुवादू: मधल्या शब्दाचं काय?

वेलांटी: ‘प्रचिती’च. फक्त तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) मानलंत तर ‘ची’ दीर्घ, मराठी मानलंत तर उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं अक्षर, ऱ्हस्व.

जुनी पोथी: ‘प्रतीति’चं बिघडलेलं रूप ते. ऱ्हस्वच.

कानामात्रा: बिघडलेलं? ‘घडलेलं’ म्हणा.