पर्यटक व्हिसावर अमेरिकेत पायलट प्रशिक्षण सुरू करता येते का?

प्रश्न – देवगडकर

माझी पुतणी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी डीजीसीएला (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) लागणारे २०० तासांचे उड्डाण अमेरिकेत पूर्ण करण्याचा तिचा विचार आहे. रत्नागिरीतील एक सल्लागार सांगतात की, तिने तूर्त पर्यटक व्हिसावर मावशीकडे टेक्सासला जावे, तेथील संस्थेत उड्डाण सुरू करावे आणि व्हिसा नंतर बदलून घ्यावा. टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची) तपासणी ही निव्वळ औपचारिकता आहे, असेही ते म्हणतात. कर्जासाठी कलमांची बाग तारण ठेवावी लागणार असल्याने जाणकारांनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

उत्तर – वाशिष्ठी, चिपळूण

हा सल्ला मानू नये. पर्यटक व्हिसावर अभ्यासक्रमाला बसता येत नाही. व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज दिला, तरी तो मंजूर होईपर्यंत वर्ग सुरू करता येत नाहीत. परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेकडून आय-२० (प्रवेश मिळाल्याचा अधिकृत दाखला) मिळवावा, सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेचे) शुल्क भरावे आणि एम-१ या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या विद्यार्थी व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यावी, हाच सरळ मार्ग आहे.

टीएसएची परवानगी ही त्याहून वेगळी आहे. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या व्यक्तीला पहिला परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) किंवा मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून अधिक इंजिनांच्या विमानाची पात्रता) यांपैकी कशाचेही प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर पारपत्र, व्हिसा व बोटांचे ठसे यांच्या आधारे तिची सुरक्षा तपासणी होते आणि मंजुरी येईपर्यंत संस्था तिला विमानातले प्रशिक्षण देऊ शकत नाही. जमिनीवरचे सिद्धान्ताचे वर्ग मात्र या नियमात येत नाहीत. २०२४ च्या सुधारित नियमानुसार ही मंजुरी जास्तीत जास्त ५ वर्षे चालते. पण देशात राहण्याची कायदेशीर मुदत त्याआधी संपली, तर मंजुरीही तेव्हाच संपते. एम-१ वर सुरुवातीला एका वर्षापर्यंतचाच मुक्काम मिळतो. त्यामुळे पावसाळी हवेने किंवा विमानांच्या कमतरतेने तास मागे पडू लागले, तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच गेला पाहिजे.

उत्तर – दर्यावर्दी, वेंगुर्ले

‘औपचारिकता’ या शब्दाला माझी हरकत आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील दोघा विमान अपहरणकर्त्यांचे विद्यार्थी व्हिसासाठीचे अर्ज मंजूर झाल्याची पत्रे फ्लोरिडातील प्रशिक्षण संस्थेच्या हाती मार्च २००२ मध्ये, म्हणजे ते मेल्यानंतर सहा महिन्यांनी, पडली होती. पुढे बोस्टनजवळच्या एका संस्थेत टीएसएने मंजुरी दिलेले २५ परदेशी विद्यार्थी एक तर चोरून आलेले किंवा मुदत उलटूनही राहिलेले निघाले. नावे अतिरेक्यांच्या यादीशी ताडली जात होती, पण माणूस देशात कायदेशीर आला आहे की नाही, हे तपासले जात नव्हते, हा दोष तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये दाखवला. आज तिथे मुक्कामाच्या कागदांवर एवढा भर दिला जातो, तो यामुळेच.

आपल्याकडच्या मंडळींसाठी आणखी एक. कोकणात कित्येकांचे एक आडनाव दाखल्यावर, दुसरे गावच्या नावावरून आणि तिसरे घराण्याचे असते. टीएसएच्या अर्जात वापरात असलेली इतर नावेही सांगावी लागतात. दहावीची गुणपत्रिका, पारपत्र आणि आय-२० यांवरील नाव एकच असेल, याची खात्री व्हिसाची तारीख घेण्यापूर्वीच करून घ्यावी. कारण सातासमुद्रापलीकडून शाळेचा दाखला दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे होते.

देवगडकर

दोघांचेही आभार. सल्लागारांना नकार कळवतो. पुतणीचा मावसभाऊ तिथे ग्रीन कार्डावर आहे आणि त्यालाही विमान शिकायचे आहे. त्याला तरी यातून सूट असेल ना?

वाशिष्ठी, चिपळूण

नाही. ग्रीन कार्डधारक हा कायमचा रहिवासी असतो, नागरिक नव्हे. म्हणून त्याचीही हीच तपासणी होते. व्हिसाचा प्रश्न मात्र त्याला येत नाही. तो पुढे नागरिक झाला, तर अमेरिकी पारपत्र किंवा तत्सम पुरावा संस्थेला दाखवला की काम भागते.