भाडेकरूकडे लॅब्रेडॉर आणि बोका: करारात काय लिहावं, फ्लॅटमध्ये काय करून घ्यावं?

कोथरूडचा_मालक: टू बीएचके भाड्याने द्यायचा आहे. पसंत पडलेल्या जोडप्याकडे सात महिन्यांचा लॅब्रेडॉर आणि दोन वर्षांचा बोका आहे. भाडं २५,०००, डिपॉझिट १,००,०००. हॉलला व्हिट्रिफाइड टाइल, बेडरूमला लॅमिनेटची (लाकडासारख्या पट्ट्यांची) फरशी. सोसायटीचे सचिव म्हणतात, भाडेकरूंना प्राणी पाळायची परवानगी नाही. ते अडवू शकतात का? डिपॉझिट किती वाढवू? आधी काय दुरुस्त करून घेऊ?

करारनामा: सचिवांना तो नियम लेखी द्यायला सांगा, बहुधा तिथेच विषय मिटतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. मालकाने स्वतः करारात काय अट घालायची, तो वेगळा मुद्दा.

आणि ती अट लेखीच हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे ‘तोंडी ठरलं होतं की एकच कुत्रा’ याला काही किंमत नाही.

‘पाळीव प्राणी चालतील’ एवढंच लिहू नका. जात, रंग, वय, संख्या लिहा. नवा प्राणी किंवा पिल्लं लेखी संमतीशिवाय नाहीत असं लिहा. रेबीजच्या लसीची नोंद आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना यांच्या प्रती सोबत जोडा. डिपॉझिट ५०,००० ने वाढवलंत तर ११ महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क जेमतेम १२ रुपयांनी वाढतं (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्यावर ०.२५ टक्के), तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही. कापायचं काय, हेही आत्ताच लिहा: दारं, लॅमिनेट, जाळ्या, पेस्ट कंट्रोल, प्रत्यक्ष बिलाप्रमाणे. नुसतं ‘नुकसानभरपाई’ लिहिलं की शेवटी भांडण ठरलेलं.

फरशीवाला: डिपॉझिटपेक्षा लॅमिनेटची काळजी करा. आतली पाटी दाबलेल्या लाकडी भुशाची असते. सांध्यातून मूत्र आत गेलं की कडा फुगतात आणि पुन्हा कधीच बसत नाहीत. पट्टी बदलावीच लागते, आणि तोवर ते डिझाइन बाजारातून गेलेलं असतं. जादा पट्ट्या शिल्लक नसतील तर बेडरूमभर २ मिमीचा व्हिनाइल रोल नुसता अंथरून घ्या, चिकटवू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उचलून खाली ओल आहे का पाहायची.

हॉलमध्ये टाइलला काही होत नाही, वास मुरतो तो सांध्यातल्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये. जुनं खरवडून एपॉक्सी ग्राउट (ओल न शोषणारं) भरा. डिस्टेंपर असेल तर जमिनीपासून चार फुटांपर्यंत धुता येणारा प्लॅस्टिक इमल्शन मारा. सात महिन्यांचं पिल्लू दाराच्या खालच्या कडा आणि चौकटी चावणारच. दोन्ही बाजूंना दीड फूट उंचीचा अॅक्रिलिक किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने लावा. तीन वर्षांचा लॅब असता तर हे सुचवलंही नसतं.

मांजरमित्र: लॅबपेक्षा बोका महाग पडू शकतो. नसबंदी झाली आहे का, हा पहिला प्रश्न विचारा आणि प्रमाणपत्र पाहा. न केलेला बोका हद्द आखायला उभ्या भिंतीवर, पडद्यांवर मूत्राचा फवारा मारतो. मांजराच्या मूत्रातले युरिक अॅसिडचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून पुसल्यावर वास जातो आणि दमट हवेत परत येतो. त्याला एन्झाइमवालं क्लीनरच लागतं: डाग पूर्ण भिजवायचा, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओला ठेवायचा, मग आपोआप वाळू द्यायचा. त्यावर ब्लीच ओतू नका, मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. फिनाइलही मांजराला घातक.

बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी असेल तर ती मांजर चावून भोक पाडतं. स्टीलची जाळी लावा, खिडक्यांच्या फायबरच्या मच्छरजाळ्याही बदला.

कोथरूडचा_मालक: नसबंदी झालेली आहे, विचारून घेतलं. ते घर सोडतील तेव्हा काय तपासायचं?

मांजरमित्र: खोली अंधारी करून यूव्ही टॉर्च मारा, वाळलेले डाग पिवळट चमकतात. स्कर्टिंग, दारांमागे, बाल्कनीचे कोपरे. ताबा देतानाही हेच दोघांनी मिळून करा आणि तारखेसह व्हिडिओ ठेवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचा डाग यांच्या माथी.

दुसरं, गोचीड. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातच सगळं जीवनचक्र पूर्ण करते. मादी भिंतीच्या भेगांत, चौकटींमागे हजारोंनी अंडी घालते. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी हवीच. भेगा त्याआधी नाही, दुसऱ्या फवारणीनंतर बुजवा. बोका राहत असताना फवारणी करायची वेळ आली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला परमेथ्रिन हे कीटकनाशक नको असं आधी सांगा, मांजरांना ते विष आहे.