देवराईतल्या ऐनाच्या बुंध्यावर अळंबी आली आहे, ओळखायला मदत हवी

कातळसडा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवराईत (रत्नागिरीचा दक्षिण भाग) देवळामागे जुना ऐन आहे. दोघांच्या कवेत मावत नाही एवढा. त्याच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर वर, आडव्या फळ्यांसारखी अळंबी आली आहे, एकाखाली एक. वरून तपकिरी, खडबडीत, वळ्यावळ्यांची, कडा पांढरी. लाकडाइतकी टणक. गेल्या पावसाळ्यातही होती आणि उन्हाळ्यातही गेली नाही.

देवस्थानच्या बैठकीत विषय निघालाय. काहींचं म्हणणं, झाड आतून गेलंय, देवळाच्या कौलांवर यायच्या आत तोडा. बाकीचे म्हणतात, कोयत्याने खरवडून चुना लावला की झालं. मला दोन्ही पटत नाही, पण ठामपणे सांगायला हाताशी काही नाही.

राईत आणखी दोन प्रकार दिसले. पडलेल्या फांद्यांवर पातळ, भडक केशरी, आणि फणसाच्या खोडावर काळी, तडे गेलेली, खुराच्या आकाराची. ही दुसरी फणसोंबाच ना? आजी सहाणेवर उगाळून द्यायची, पोरांचं तोंड आलं की. रेंजची बोंब असल्याने फोटो चढत नाहीयेत.

रानभूल:
केशरी ती पिक्नोपोरस सँग्विनियस. मेलेल्या लाकडावर, जरा ऊन लागतं तिथे हमखास दिसते. तिचा तुमच्या ऐनाशी संबंध नाही.

ऐनावरचीची खालची बाजू पाहिलीत का? सगळे वरचं वर्णन करतात आणि ओळख असते खाली! पडद्या आहेत की छिद्रं? छिद्रं असतील तर केवढी? काडीने रेघ मारली तर रंग बदलतो का? आसपासच्या पानांवर तपकिरी भुकटी आहे का?

कातळसडा:
पाहून आलो. खाली पांढरं, छिद्रं इतकी बारीक की भिंगच हवं. रेघ मारल्याबरोबर तपकिरी झाली. भुकटी पानांवर आहेच, शिवाय अळंबीच्या माथ्यावरही आहे. खालून सुटलेली भुकटी वर कशी गेली?

रानभूल:
वाऱ्याच्या झुळकीने. ते बीजाणू. मोठी अळंबी दिवसाला ३,००० कोटींपर्यंत सोडते, त्यामुळे माथा माखणारच.

ही गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारी बुरशी. वर लाखेसारखी चकाकी नाही, म्हणजे ल्युसिडम गटातली नव्हे, अप्लानाटम-ऑस्ट्राले गटातली. त्यापुढे नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो. फोटोवरून छातीठोक जात सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

चुन्याचं म्हणाल तर, बाहेर दिसतं ते नुसतं फळ. बुरशी लाकडात पसरलेली असते. खरवडून ती जात नाही, उलट कोयत्याने सालीला नव्या जखमा होतात.

आता झाड. गॅनोडर्मा लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा घटक, खाते आणि लाकूड पांढरट, भुसभुशीत होतं. पण मधला गाभा तसाही निर्जीव असतो, पाणी वाहतं ते बाहेरच्या थरातून. त्यामुळे पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहू शकतं. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, तो अशाच झाडांच्या जिवावर घरटं करतो. हे बैठकीत जरूर सांगा. मात्र अळंबी अगदी तळाशी आहे, म्हणजे मुळंही कुजलेली असू शकतात, आणि खरी भीती तिथे आहे. एका बाजूची माती उचलली गेलीय का? झुकाव वाढलाय का? शेंडा वाळतोय का? लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकत जा, पोकळ आवाज कुठून कुठपर्यंत येतो ते खडूने आखा. देवळाकडच्या जड फांद्या उतरवल्या तर भार हलका होईल. वनविभागाला विचारल्याशिवाय मात्र कुऱ्हाड लावू नका.

माडाचीवाडी:
मध्येच विचारतो. राईला लागून माझे माड आहेत. ही बुरशी त्यांना लागेल का?

रानभूल:
माडांना गॅनोडर्माचा रोग होतो हे खरं. तंजावरकडे १९५२ पासून माहीत आहे, म्हणून नावच तंजावर मर. पण ऐनावरची तीच जात असेल असं नाही. बुंध्यातून लालसर तपकिरी चीक गळताना दिसला तर लगेच कृषी विद्यापीठाला दाखवा. तोवर माडांच्या बुंध्याजवळ नांगर-कुदळ जपून, मुळं तुटली की बुरशीला वाट मिळते.

कातळसडा:
आणि फणसोंबा?

रानभूल:
हो, राहिलंच. वर्णन फेलिनसचं, म्हणजे फणसोंबा ज्या गटातली त्या अळंबीचं, वाटतं. फोडून पाहा, आत गंजासारखा रंग हवा. कॉस्टिक पोटॅशचं द्रावण टाकलं की ते काळं पडतं, पण गॅनोडर्माचा गरही गडद होतो, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका. आणि फणसावर येतं ते सगळंच फणसोंबा नसतं. वैद्यांनी पाहिल्याशिवाय लेकरांना उगाळून देऊ नका.

कातळसडा:
आभार. रविवारी ठोकून बघतो. लाकडी हातोडी नाही, रबरी चालेल?

रानभूल:
चालेल. साल फुटेल इतक्या जोराने नको.