पुलित्झर ‘कोट्या’तून मिळतो म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठ : काल ‘चिकित्सक’ यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखक-पत्रकारांना पुलित्झर, म्हणजे पत्रकारिता-साहित्याचा तिथला मोठा पुरस्कार, मिळतो तो गोऱ्यांच्या अपराधी भावनेतून, जणू कोट्यातून. ते वाक्य डोक्यातून जाईना. पुरस्कार सुरू झाला १९१७ साली. पहिल्या कृष्णवर्णीय मानकरी कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स, १९५०. बातमी कळली तेव्हा त्यांच्या घरात अंधार होता, विजेचं बिल थकलेलं. पत्रकारितेत पहिले छायाचित्रकार मोनेटा स्लीट, १९६९. पहिली कृष्णवर्णीय स्त्री पत्रकार इझाबेल विल्करसन, १९९४! कोट्याला इतका उशीर लागतो का?

चिकित्सक : मुद्दा १९५०चा नाहीच. जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखकांनी जाहीर निवेदन काढलं की कादंबरीकार टोनी मॉरिसनना पुलित्झर कसा नाही. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या ‘बिलव्हेड’ला मिळाला. याला दबाव नाही तर काय म्हणायचं?

कृष्णाकाठ : आणि मॉरिसनना मिळालेलं १९९३चं नोबेल? तेही सह्या गोळा करून? कादंबरी वाचलीत का, तेवढं सांगा.

फोटोवाला : स्लीट यांचं नाव निघालं म्हणून लिहितो. मार्टिन ल्यूथर किंग यांची अंत्ययात्रा, अटलांटातलं चर्च. काळ्या जाळीआड किंग यांच्या पत्नी कोरेटा, मांडीवर रेललेली पाच वर्षांची मुलगी बर्निस. चर्चमध्ये जाणाऱ्या छायाचित्रकारांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. कोरेटांनी निरोप दिला, स्लीट नसतील तर कुणीच नको. स्लीट ‘एबनी’ मासिकाचे, पत्रकारितेचा पुलित्झर मात्र तेव्हा वर्तमानपत्रांसाठीच होता. तो फोटो वृत्तसंस्थेमार्फत दैनिकांत छापून आला म्हणूनच पात्र ठरला.

माझंही सांगतो. २०१९च्या पुरात छातीभर पाण्यात उभा राहून एका आजींचा फोटो काढला, कडेवर शेळीचं करडू. एका दैनिकानं पहिल्या पानावर घेतला. खाली काय? ‘छाया : विशेष प्रतिनिधी’. पैसे नाहीत, नाव नाही.

मीरा_वाचते : दादा, आमच्याकडे लेखांचंही तेच! अनुवादकाचं नाव तर मुखपृष्ठावर कधीच नसतं. सहा महिने घासून केलेलं काम…

चिकित्सक : विषय पुलित्झरचा आहे. प्रत्येकानं आपलं गाऱ्हाणं इथेच मांडायचं का?

फोटोवाला : साहेब, विषय हाच आहे. आत कुणाला घ्यायचं आणि खाली नाव कुणाचं छापायचं हे कोण ठरवतं? तुम्हाला कधी दाराबाहेर उभं केलेलं नाही, म्हणून सगळं गुणवत्तेवर चालतं असं वाटतं.

चिकित्सक : वैयक्तिक होऊ नका. मी कुठून आलोय ते तुम्हाला ठाऊक नाही.

मीरा_वाचते : कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांनी लिंचिंगवर, म्हणजे जमावानं केलेल्या हत्यांवर, लिहिलं म्हणून १८९२ मध्ये मेम्फिसला त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी जमावानं फोडली. पुलित्झरचा विशेष सन्मान २०२० मध्ये, मृत्यूनंतर ८९ वर्षांनी. अपराधी भावना म्हणायचीच तर याला म्हणा. पण मग त्यांचं लिखाण खोटं ठरतं का?

चिकित्सक : वेल्स यांच्याबद्दल वाद नाही. स्लीट यांच्या पात्रतेची गोष्ट ठाऊक नव्हती, तेवढी मान्य. ४८ सह्यांबद्दल माझं मत तेच आहे. आणि हो, ‘बिलव्हेड’ चाळीस पानांवर सोडली होती.

कृष्णाकाठ : मग एक्केचाळिसाव्यापासून धरा. फोटोवाला, तो आजींचा फोटो इथे टाका, तुमच्या नावासकट.