टोपाथ रन, २८-२९ मार्च: हापशांना दांडे नाहीत, पाण्याचं काय?

प्रेषक: मिलिंद
सोमवार, रात्री १०:५०

मंडळी,

आपण ज्या टोपाथवर (चेसापीक-ओहायो कालव्याकाठची, बोटी ओढणाऱ्या खेचरांची जुनी वाट) धावणार आहोत, तिथले हापसे बघायला आज ऑफिसातून थेट मोनोकसीला गेलो होतो. इंडियन फ्लॅट्सच्या हापशाला दांडा नाही. येताना पॉइंट ऑफ रॉक्सला गाडी लावून कॅलिको रॉक्सपर्यंत चालत गेलो, तिथेही नाही. हिवाळ्यात काढून ठेवलेले दांडे अजून बसवलेले नाहीत आणि एप्रिलच्या मध्याआधी ते बसतील असं धरून चालू नका. आपला शनिवारचा सगळा तक्ता या हापशांवर उभा होता. तक्ता मीच केला होता, दांड्यांचं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मैल वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून मोजतात: सुरुवात हार्पर्स फेरी मैल ६०.७, मुक्काम एडवर्ड्‌स फेरी मैल ३०.८. म्हणजे शनिवारचे तीस मैल. ब्रन्सविक गाव सोडलं तर वाटेत भरवशाचं पाणी नाही. मुक्कामाच्या लॉकहाउस २५ मध्ये (कालव्याच्या दारवाल्याचं जुनं घर) वीजही नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे रात्रीचं पाणीसुद्धा आपणच न्यायचं आहे.

उद्या रात्रीपर्यंत काहीतरी ठरवू या. वैशालीताई, बुकिंग तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्हाला वेगळं विचारतो: तारीख हलते का?

मिलिंद

—

प्रेषक: प्रकाशकाका
मंगळवार, सकाळी ६:०५

मिलिंद,

हलवा. मी जानेवारीतच म्हटलं होतं की एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याआधी जाऊ नका, जुने मेल काढून बघ.

कंबरलंड ते जॉर्जटाउन हे सगळे १८४.५ मैल मी दोनदा सायकलने केलेत. दोन्ही वेळा हापशांनीच तारलं. पाण्याला आयोडीनचा वास येतो, पण दर पाच-सात मैलांवर मुक्कामाची जागा आणि तिथे हापसा, एवढी सोय दुसऱ्या कुठल्या वाटेवर आहे? पहिल्या वेळी पॉ पॉ बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा बाटली कोरडी होती. ३,११८ फूट अंधार, बॅटरी मिणमिणती, एका हाताने कठडा धरून सायकल ढकलत आलो होतो. पुढच्या हापशाला पहिलं पाणी आलं तेव्हा तिथेच चिखलात बसून प्यायलो.

शिवाय मार्चअखेर पाऊस झाला की टोपाथवर राड होते. खडीची वाट आहे म्हणून फसू नका, खाली चिकणमाती आहे.

प्रकाश

—

प्रेषक: वैशाली
मंगळवार, सकाळी ८:२०

काका, तारीख हलणार नाही.

लॉकहाउस २५ ची एडवर्ड्‌स फेरीची ही एकच रात्र मिळाली होती, तीसुद्धा डिसेंबरात. आता एप्रिलचे सगळे शनिवार-रविवार गेलेत. आठ माणसांची जागा आहे: सात धावणारे आणि एक गाडीवाला. तंबू घ्यायचे म्हटलं तर सामान दुप्पट आणि दुसऱ्या दिवशीच्या एकतीस मैलांना पाय उरणार नाहीत.

आणि मार्चला नावं ठेवू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस १९५४ मध्ये कंबरलंडहून निघाले ते मार्चमध्येच. या कालव्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं, त्याला विरोध म्हणून आठ दिवस चालले. बरोबर पुष्कळ जण निघाले होते, शेवटपर्यंत पोचले ते नऊ. त्या चालण्यातून जे सुरू झालं त्याचं १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आपण त्याच महिन्यात तिथे धावणार आहोत हे मला फार मोलाचं वाटतं. तारीख निवडताना मी तेच डोक्यात ठेवलं होतं.

पाणी गाडीतून न्या. त्यात अवघड काय आहे?

वैशाली

—

प्रेषक: संध्याकाकू
मंगळवार, सकाळी ९:१०

प्रकाशच्या मेलवरून एक सांगायचं राहू नये म्हणून. हापशाचं आयोडीन घातलेलं पाणी थायरॉइडचं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरपूर पिऊ नये. आपल्यात अशा निदान दोघी आहेत, मी त्यातली एक. पुढच्या वेळी हापशांचा तक्ता कराल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

संध्या

—

प्रेषक: ओंकार
मंगळवार, सकाळी ११:३०

वैशालीताई, अवघड आहे ते सांगतो. गाडी एक आणि माणसं सात. मी आणि नेहा दहा मिनिटांच्या मैलाने जाणार, मागचा गट चौदाच्या. मी व्हाइट्स फेरीला पोचेन तेव्हा मागचे अजून मोनोकसीच्याही अलीकडे असतील. गाडी कुणासाठी थांबणार? ऑक्टोबरच्या धावण्यात नेमकं हेच झालं. गाडी पुढच्यांबरोबर गेली आणि मागे राहिलेल्यांना नऊ मैल एका बाटलीवर काढावे लागले. त्यातल्या एकीच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि फोनला रेंज नव्हती.

आदल्या दिवशी पाण्याचे कॅन ठेवून येऊ का? किंवा गाळणी घेऊन नदीचं पाणी?

ओंकार

—

प्रेषक: प्रकाशकाका
मंगळवार, दुपारी १२:१५

नदीचं पाणी अजिबात नाही. वरच्या अंगाला मैलोन्‌मैल शेतं आणि गुरं आहेत. गाळणीने जंतू अडतील, शेतातली खतं-औषधं अडत नाहीत. कॅनही ठेवायचे नाहीत. या उद्यानात कचऱ्याचा डबासुद्धा नसतो, आपलं आणलेलं आपणच परत न्यायचं असा नियम आहे. बेवारस कॅन कुणी उचलून नेले तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

—

प्रेषक: सुहास
मंगळवार, दुपारी १:४०

नमस्कार. पाणी गाडीतून न्यायचं असं वाचलं, म्हणून लिहितो. तोटीची दहा गॅलनची दोन पिंपं गणपती समितीची आहेत. पाडव्याला कुणीतरी न विचारता नेली आणि एकाची तोटी गळकी होऊन परत आली. मी ती स्वतःच्या पैशाने बदलली. द्यायला ना नाही, पण माझ्याकडून सही करून न्यावीत आणि रविवारी रात्री धुऊन, उलटी ठेवून परत यावीत. भरलेलं पिंप सुमारे चाळीस किलोचं होतं, एकट्याने उचलू नये.

सुहास

—

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

सुहास, सही करतो, रविवारी रात्री मी स्वतः आणून देतो.

ओंकारचं म्हणणं पटलं. दोन गाड्या लागतील, एक पुढच्यांसाठी, एक मागच्यांसाठी. गाडी वाटेपर्यंत जाते त्या जागा अशा: ब्रन्सविक ५५, पॉइंट ऑफ रॉक्स ४८.२, नोलंड्‌स फेरी ४४.६, मोनोकसी ४२.२, व्हाइट्स फेरी ३५.५ आणि मुक्काम. शनिवारची सर्वांत मोठी अंतरं दोन, जवळजवळ सात-सात मैलांची: ब्रन्सविकनंतरचं आणि मोनोकसीनंतरचं. रविवारी सिकमोर लँडिंग, रायलीज लॉक, पेनीफील्ड, स्वेन्स, ग्रेट फॉल्स इथे थांबे जवळजवळ आहेत, ग्रेट फॉल्सपासून जॉर्जटाउन चौदा मैल.

माणशी तासाला अर्धा लिटर धरला तर मागच्या गटाला शनिवारी साडेतीन लिटर लागतील. नुसतं पाणी पिऊ नका, मीठ-साखर घातलेलं वेगळं पिंप ठेवतो. तरीही प्रत्येकाच्या अंगावर निघताना एक लिटर हवाच, गाडीला उशीर होऊ शकतो.

शुक्रवारी संध्याकाळच्या मार्क रेल्वेने हार्पर्स फेरीला जायचं ठरलं आहे ते तसंच. शनिवार-रविवार ती गाडी नसते, चुकली तर कुणालातरी तुम्हाला सोडायला यावं लागेल.

एक गाडी माझ्या भावाची, तो आठवा माणूस. दुसरीला चालक नाही आणि लॉकहाउसमध्ये नववी खाटही नाही.

मिलिंद

—

प्रेषक: नेहा
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

नोलंड्‌स आणि मोनोकसीत अडीच मैलसुद्धा नाहीत. दोन्हीकडे गाडी कशाला? नोलंड्‌स गाळून डिकरसनला थांबवा, म्हणजे मोनोकसीनंतरचं मोठं अंतर तुटेल. तिथेही गाडी लावायला जागा आहे.

—

प्रेषक: प्रकाशकाका
मंगळवार, रात्री ९:२०

नेहाचं बरोबर आहे, डिकरसन धरा. पण मोनोकसीला थांबाच. कालवा मोनोकसी नदीवरून नेणारा, १८३३ मध्ये पुरा झालेला ५१६ फुटांचा दगडी पूल आहे, सात कमानी, दगड शुगरलोफ डोंगराचा. यादवी युद्धात १८६२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने तो उडवून द्यायचा प्रयत्न केला, दगडाने दाद दिली नाही. त्यावरून खेचरं बोटी ओढत नेत आणि खालून नदी वाहत असे. त्यावर न थांबता कुणी पुढे गेलं तर मला वाईट वाटेल.

तारखेबद्दल माझं मत तेच आहे. पण तुम्ही जाणारच असाल तर दुसरी गाडी मी चालवतो. मागच्या गटाबरोबर राहीन, शेवटचं माणूस पुढे गेल्याशिवाय कुठलाही थांबा सोडणार नाही. रात्री घरी जाईन, खाटेचा प्रश्न नाही. रविवारी सातला परत एडवर्ड्‌स फेरीला.

ओंकार, ऑक्टोबरात जिच्या पायांत गोळे आले तिचा फोन नंबर मला पाठव. शनिवारी निघायच्या आधी तिच्याशी बोलून घेतो.

सुहास, शुक्रवारी चारला पिंपं न्यायला येतो. उचलायला मुलाला आणतो.

प्रकाश

—

प्रेषक: वैशाली
मंगळवार, रात्री ९:३५

काका, मनापासून आभार. ती मीच. नंबर तुमच्याकडे आहे.

लॉकहाउसच्या कुलपाचा आकडा तुम्हालाही पाठवते, पाणी आत उतरवायला लागेल. फाटकापासून दारापर्यंत पिंप हातानेच न्यावं लागणार आहे.