बाबांच्या शौच तपासणीत 'ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह' : पुन्हा तपासावं की थेट दुर्बीण? सल्ला हवा

गोदाकाठी
नमस्कार. बाबा 61 वर्षांचे, नाशिकला असतात. पोटाची काही तक्रार नाही. चेकअपच्या पॅकेजमध्ये या वेळी शौचाची तपासणी होती. रिपोर्टवर एवढंच आहे : 'स्टूल ऑकल्ट ब्लड – पॉझिटिव्ह', म्हणजे शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे. आकडा नाही, पद्धत लिहिलेली नाही. हिमोग्लोबिन 11.2 आलंय, गेल्या वर्षी 13.4 होतं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, जुनी मूळव्याध आहे, तीच असणार. महिन्याने पुन्हा तपासू. बाबांना तेच हवंय. "मला काही होत नाहीये, कशाला नळ्या घालून घ्यायच्या?" पुढच्या वेळी निगेटिव्ह आलं तर विषय संपला असं समजायचं का? ते रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात, त्यामुळेही असेल का?

पाटावरवंटा
मी ठाण्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आधी लॅबला फोन करून पद्धत विचारा, कारण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या चालतात. जुनी ती ग्वायकची. कागदाच्या पट्टीवर नमुना लावायचा, वर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे, निळं झालं की पॉझिटिव्ह. तिला माणसाचं रक्त आणि बोकडाचं रक्त यातला फरक कळत नाही. आदल्या दिवशी मटण झालं असेल, कच्चा मुळा खाल्ला असेल, तरी निळं होऊ शकतं. उलट व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर खरं रक्त असूनही लपतं. म्हणून तिला आधी तीन दिवस पथ्य लागतं आणि ते पेशंटला सांगायला हवं. बाबांना कोणी सांगितलं होतं का?

दुसरी एफआयटी. ती माणसाच्या रक्तातल्या ग्लोबिन या प्रथिनालाच पकडते, त्यामुळे पथ्य नको. जठरातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेत पचून जातं, म्हणून ही पॉझिटिव्ह आली की बोट मुख्यतः मोठ्या आतड्याकडे जातं. नमुना कमोडच्या पाण्यातून उचलायचा नाही, कोरड्या कागदावर घ्यायचा, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

सोरटी_सोमवार
माझ्या सासूबाईंचं असंच होतं, सीईए नावाची कॅन्सरची रक्ततपासणी केली, नॉर्मल आली, सुटलो. ती करून बघा, स्वस्तात होते.

वैद्यकीय_वाटसरू
सोमवार, सीईए या कामाची नाही. कॅन्सर असूनही ती नॉर्मल असू शकते. ती मुख्यतः निदान झाल्यावर पुढच्या पाठपुराव्याला वापरतात. कृपया तिच्यावर विसंबू नका. सासूबाईंची शौच तपासणी पॉझिटिव्ह आली होती आणि दुर्बीण झाली नसेल, तर त्यांचंही काम अर्धवट राहिलंय.

गोदाकाठी, मी पोटविकाराच्या विभागात काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पॉझिटिव्ह आल्यावर तीच तपासणी पुन्हा करायची नसते. गाठ किंवा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला मांसल कोंब) रोज रक्त सोडत नाही. एफआयटी एका वेळेला साधारण चारातले तीन कॅन्सर पकडते, मोठे पॉलिप तर चारातला एखादाच. म्हणूनच निरोगी माणसाला ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करायला सांगतात. पुढच्या महिन्यातलं निगेटिव्ह या महिन्यातलं पॉझिटिव्ह खोडू शकत नाही. मूळव्याध असलेल्याच्या आतड्यात वर दुसरं काही नसेल, असंही कोणी सांगू शकत नाही. ॲस्पिरिनचंही तसंच. त्यावर खापर फोडून दुर्बीण टाळायची नाही.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मला रिपोर्टपेक्षा हिमोग्लोबिन जास्त खुपतंय. एकसष्टीच्या पुरुषाचं वर्षात दोन ग्रॅम उतरलं तर कारण शोधायलाच हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. लोह कमी निघालं तर वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी लागतील. बहुधा एकाच दिवशी होतात. ग्वायक होती की एफआयटी, हा प्रश्न मग मागे पडतो.

लेस्टरचा_लेक
इथे इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाला दर दोन वर्षांनी एफआयटीचं किट पोस्टाने घरी येतं. छोटी बाटली, झाकणाला खाचा असलेली काडी. ती नमुन्यावर घासायची, टक्क आवाज येईपर्यंत बंद करायची, तारीख लिहून परत पोस्टात. 2019पर्यंत इथेही ग्वायकचं कार्डच होतं. इथे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कोलोनोस्कोपीसाठीच, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीसाठीच बोलावतात. आई गेली होती. दोन पॉलिप निघाले, त्याच वेळी काढले, बायोप्सीत कॅन्सर नव्हता. बाबांना हेही सांगा की तपासणी पॉझिटिव्ह आलेल्या दहातल्या नऊहून जास्त जणांना कॅन्सर नसतोच. आईला हे कळल्यावरच ती तयार झाली.

गोदाकाठी
खूप आभार सगळ्यांचे. लॅबला विचारलं, ग्वायकच होती, आणि पथ्याचं कोणी बोललं नव्हतं. फेरिटिन केलं, बरंच कमी आहे. लेस्टरचा लेक, तुमचा शेवटचा मुद्दा बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. "बरं, घे वेळ" म्हणाले. पुढच्या आठवड्यात नाशिकलाच दोन्ही दुर्बिणी ठरल्यात. तयारीत काय सांभाळू? आणि माझं वय 36, मीही करून घेऊ का?

वैद्यकीय_वाटसरू
बाबांचं काय निघतं त्यावर तुमचं ठरेल. कॅन्सर निघालाच तर तुमची दुर्बीण चाळिशीपासून. कॅन्सर नसला तरी मोठा पॉलिप निघाला तर रिपोर्ट घेऊन विचारा.

तयारीचं : पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढतात का आणि बायोप्सीचा खर्च वेगळा का, हे आधीच विचारून ठेवा. लोहाच्या गोळ्या कोणी सुरू केल्या असतील तर आठवडाभर आधी बंद, त्यांनी आतलं काळं होतं. ॲस्पिरिन मात्र मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्यांचंही विचारा.

पाटावरवंटा
आणि जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे असं देतात; पहाटेचं टाळू देऊ नका, आतडं साफ नसेल तर पुन्हा जावं लागतं. दोन दिवस आधीपासून पालेभाजी, बियांची फळं, भाकरी बंद. मऊ भात, ताक चालतं. आदल्या दिवशी फक्त पाणी, नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी असं पातळच. कोकम सरबत आणि बीट नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. भूल देतात, त्यामुळे त्या दिवशी बाबांना स्कूटर चालवू देऊ नका, कोणीतरी सोबत हवंच.