१९०५ मध्ये टिकलेली झारशाही १९१७ मध्ये आठ दिवसांत कशी कोसळली?

प्रश्न :
१९०५ मध्ये जपानकडून पराभव, राजधानीत निःशस्त्र मोर्चावर गोळीबार, देशव्यापी संप आणि ‘पोतेमकिन’ युद्धनौकेवरील बंड एवढे सारे घडूनही रशियाचा झार (सम्राट) दुसरा निकोलस गादीवर टिकून राहिला. मग १९१७ मध्ये राजधानी पेट्रोग्राडमधील पावाच्या रांगांतून उसळलेला असंतोष त्याला का आवरता आला नाही? केवळ उपासमार हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

प्रतिसाद १ :
आपली शंका रास्त आहे, कारण रशियात धान्याचा दुष्काळ नव्हता. पहिल्या महायुद्धात कारखाने युद्धसाहित्याला जुंपल्यामुळे अवजारे आणि कापड खेड्यांत मिळेनासे झाले, रुबलची किंमत घसरत गेली आणि शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी साठवून ठेवले. जे विकले गेले, तेही लष्करी वाहतुकीने जेरीस आलेल्या रेल्वेमुळे राजधानीत वेळेवर पोहोचेना. २३ फेब्रुवारीला (नव्या दिनदर्शिकेनुसार ८ मार्च) महिला दिनी राजधानीच्या व्हीबोर्ग भागातील कापड गिरण्यांतील स्त्रिया काम थांबवून बाहेर पडल्या आणि दोन दिवसांत तो सार्वत्रिक संप झाला.

प्रतिसाद २ :
माझ्या मते निर्णायक फरक सैन्याचा आहे. १९०५ मध्ये सरकारने जपानशी पोर्ट्समथचा तह करून युद्ध संपवले होते आणि डिसेंबरमधील मॉस्कोचा उठाव मोडायला त्याच्याजवळ निष्ठावंत पलटणी होत्या. १९१७ पर्यंत जुने खडे सैनिक आणि अधिकारी मोठ्या संख्येने आघाडीवर कामी आले होते आणि राजधानीच्या छावण्यांत आघाडीवर जायच्या भीतीने धास्तावलेले नवे भरती सैनिक दाटीवाटीने राहत होते. २६ फेब्रुवारीला ज्या व्होलिन्स्की पलटणीच्या तुकडीने झ्नामेन्स्काया चौकात लोकांवर गोळ्या झाडल्या, तिनेच रात्रभर विचार करून दुसऱ्या सकाळी बंड पुकारले. त्या एका रात्रीचे महत्त्व मला संपूर्ण संपाहून अधिक वाटते.

प्रतिसाद ३ :
वरील मताशी मी सहमत आहे, पण सेनापतींना विसरू नये. १९१५ मध्ये झारने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतल्याने प्रत्येक पराभवाचा दोष थेट त्याच्यावर येऊ लागला आणि तो राजधानीपासून दूर मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयात राहू लागला. त्या मुख्यालयाचा प्रमुख सेनाधिकारी अलेक्सेयेव्ह याने तारेने आघाड्यांच्या सेनापतींचे मत मागवले, तेव्हा त्यांनी पदत्यागाचाच सल्ला दिला, कारण युद्ध चालू ठेवायचे तर राजाला बाजूला करणे त्यांना भाग वाटले. २ मार्चला (नव्या दिनदर्शिकेनुसार १५ मार्च) प्स्कोव्ह येथे निकोलसने सही केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा भाऊ मिखाईल याने राजमुकुट नाकारला.